शून्य आठ तीन एक

रावेतहून चाकण काही फार दूर नाही. तरी तारेच्या दूरध्वनीच्या हिशेबात रावेत पुण्याच्या ०२० मध्ये, चाकण राजगुरुनगरच्या ०२१३५ मध्ये, आणि जुन्या महामार्गाने तळेगाव गाठले की ०२११४. एका औद्योगिक पट्ट्याचे असे तीन तुकडे पडले म्हणून कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. बेळगावच्या ०८३१ कडे मात्र मराठी माणूस इतक्या निर्विकारपणे पाहू शकत नाही. 'आमच्या बेळगावला कर्नाटकाचा नंबर' ही खंत प्राध्यापकांच्या गप्पांत आम्ही अनेकदा ऐकली आहे. तीत तथ्य किती आणि भावना किती, हे एकदा तपासून पाहायला हवे.

भारतात एसटीडीची सुरुवात १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर झाली. शून्यानंतरचा आकडा विभाग सांगतो, पुढचे आकडे केंद्र. हे विभाग राज्यांच्या सीमा काटेकोरपणे पाळत नाहीत. आपल्याच राज्याकडे पाहावे : पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश, मराठवाडा हे ०२ मध्ये, आणि सुरत-बडोदे-राजकोटही त्याच ०२ मध्ये. नागपूर, अमरावती, अकोला मात्र ०७ मध्ये, म्हणजे जबलपूर-रायपूरच्या पंगतीला. द्वैभाषिक मुंबई राज्य आणि जुना मध्य प्रांत यांच्या सावल्या या आकड्यांत दिसतात. आकडे ठरवणाऱ्यांनी इतिहास वाचून ते ठरवले, असे आमचे म्हणणे नाही. पण ०७१२ मुळे नागपूर मराठीला परके झाल्याचे कोणी म्हटलेले नाही, एवढे खरे.

गोव्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गोव्याचा संकेतांक ०८३२, बेळगावच्या अगदी शेजारचा, म्हणजे तारेने गोवा कर्नाटकाच्या कुटुंबात. पिनकोड पाहावा तर ४०३, म्हणजे टपालाने महाराष्ट्राच्या कुटुंबात. (१९७२ सालची ही पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीची. आकड्यांशी साहित्यिकांचे वैर असते, हा समज यापुढे तरी सोडावा!) आणि भ्रमणध्वनीच्या परवान्यांत महाराष्ट्र व गोवा मिळून पुन्हा एकच मंडळ. त्यामुळे २०१७ च्या सुमारास रोमिंगचा आकार संपेपर्यंत पुण्याहून बेळगावमार्गे गोव्याला निघालेल्या माणसाचा फोन कागलपर्यंत घरचा असे, निपाणी-बेळगावला परका होई आणि गोव्यात शिरताच पुन्हा घरचा. १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार देणारा गोवा फोनला आपला, आणि १९४६ च्या ज्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला ते भरवणारे बेळगाव परके! या विसंगतीचा राग येणे समजण्यासारखे आहे. पण जे आकडे आपसांतच इतके भांडतात, त्यांना साक्षीला बोलावणारा पक्ष कोणताही असो, त्याची बाजू लंगडीच पडणार.

देशांच्या पातळीवर गोष्ट वेगळी. कोसोव्होने २००८ साली स्वातंत्र्य घोषित केले, तरी ३८३ हा स्वतःचा संकेतांक त्याला मिळाला तो २०१६ साली. तोवर तेथील फोन सर्बिया, मोनॅको आणि स्लोव्हेनिया यांच्या आकड्यांवर चालत. उत्तर सायप्रसला आजही तुर्कस्तानच्या ९० मधूनच जावे लागते. तेथे आकडा म्हणजे जवळजवळ मान्यताच. बेळगावचा प्रश्न त्या जातीचा नाही; रेषेच्या दोन्ही बाजूंना ९१ च आहे.

आमचा खरा आक्षेप वाङ्मयाच्या व्यवहाराला आहे. दूरध्वनी खात्याने केली नाही इतकी काटेकोर विभागणी आमच्या अभ्यासक्रमांनी केली. 'सीमाभागातील साहित्य' असा एक कप्पा करून त्यात आंदोलनाची कविता ठेवली, आणि इंदिरा संत, जी. ए. कुलकर्णी यांना मात्र त्या कप्प्यातून अलगद उचलून पुण्या-मुंबईच्या मध्यवर्ती परंपरेत बसवले. इंदिराबाई बेळगावात राहिल्या, जी.ए. धारवाडात. त्यांच्या भोवती कन्नड बोलली जात होती, हे चरित्रात्मक टिपेपुरते उरले. प्रकाश संतांच्या 'वनवास'मधला लंपन तर कन्नडच्या शेजारात वाढलेली मराठीच बोलतो. तो हेल काढून टाकला तर लंपन उरत नाही. तरी त्या भाषेला आम्ही 'गोड' म्हणून पुढे जातो. तिच्या वाक्यरचनेत कन्नड कोठे आणि कशी मुरली आहे, याचा विचार बहुतेक वर्गांत होतच नाही. मराठीचा बेळगाववरील हक्क सांगताना बेळगावची मराठी जशी आहे तशी ऐकायची आपली तयारी नसावी, हे आम्हांस ०८३१ पेक्षा अधिक खटकते.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याचा निर्णय न्यायालयाने द्यायचा. आम्हां शिक्षकांना तोवर थांबण्याचे कारण नाही. रावेत-चिंचवडच्या वर्गांत सोलापूर, बिदर, कलबुर्गीकडून कामासाठी आलेल्या कुटुंबांतली मुले बसतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरी कन्नड बोलतात. पुढच्या सत्रात 'वनवास' लागले, तर पहिले पान त्यांच्यापैकी एखाद्याला मोठ्याने वाचायला सांगावे.