खिडकीचा पडदा आणि अभ्यासाचा कोपरा



आपल्या केडगावात कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन अनेकांनी दोन खोल्या बांधल्या. फरशी बसली, रंग लागला, की घरात पडद्यांचा विषय निघतो. मग कोणी म्हणते, "ही पैसेवाल्यांची हौस." वास्तविक पडद्याची खरी गरज लहान घरालाच असते. खिडकी रस्त्यावर उघडते. ती उघडी ठेवली तर लेकीसुनांना मोकळेपणाने वावरता येत नाही, आणि लावून घेतली तर उजेड व वारा दोन्ही बंद!

नगरच्या कापड बाजारात जाण्यापूर्वी टेप घेऊन माप कागदावर लिहा. समजा, खिडकी ४ फूट रुंद व ४ फूट उंच आहे. दांडी दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त, म्हणजे ५ फुटांची घ्यावी. त्यामुळे पडदा सारला की पूर्ण खिडकी मोकळी होते. चुण्या पडण्यासाठी कापड दांडीच्या साधारण दीडपट रुंद लागते. ४८ इंच पन्ह्याचे दोन तुकडे पुरतात. लांबीचा हिशेब असा: खिडकी ४८ इंच, वर ४, खाली ६, वरची दुमड ३ आणि खालची ४, एकूण ६५ इंच. दोन तुकड्यांचे १३० इंच. सुती कापड आटते, म्हणून साडेतीन मीटर घ्यावे आणि भिजवून, वाळवूनच शिवायला टाकावे.

दांडी खिडकीच्या चौकटीवर चार बोटे उंच लावली की खोली उंच वाटते. भिंतीला भोक पाडून गिट्टी बसवावी आणि मगच स्क्रू पिळावा, नाहीतर पोरांनी ओढताच दांडी खाली येते. भाड्याच्या घरात मालक भोके पाडू देत नसेल, तर चौकटीला दोन हुक लावून स्प्रिंगची तार ताणावी.

लहान खोलीत फिका रंग आणि बारीक नक्षी शोभते. मोठ्या फुलांनी खोली भरल्यासारखी दिसते. पश्चिमेच्या खिडकीला जाड कापड घ्यावे व बाहेरच्या बाजूने पांढरे अस्तर लावावे. उन्हाळ्यात दुपारनंतरची तिरीप त्याने बरीच अडते. आपल्याकडे पाऊस कमी, धूळ फार. तेव्हा घरी धुता येईल असेच कापड बरे. शेगडीजवळ मात्र पडदा नकोच.

नवे घेणे जमत नसेल तर जुनी सुती साडी काढा. साडेपाच मीटरच्या साडीतून दाराचे दोन लांब तुकडे सहज निघतात. काठ कडेला आला की वेगळी किनार लावावी लागत नाही.

अशा एका तुकड्याचे मोठे काम आहे. मुंबईत परळच्या डबक चाळीत बाबासाहेबांच्या कुटुंबाला एकच खोली होती. गर्दीत अभ्यास कसा व्हावा? सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. आज आपल्या घरात दहावीची मुलगी असेल, तर खोलीच्या एका कोपऱ्यात आडवी तार बांधा, साडीचा पडदा सोडा, आत दिवा आणि एक पाट द्या. कोपरा शक्यतो खिडकीजवळचा निवडा, म्हणजे वारा खेळता राहील.

पडदा नजर अडवतो, आवाज अडवत नाही. पलीकडचा टीव्ही बंद करणे हे आपले, मोठ्या माणसांचे काम. पाहुणे आले तरी तिला चहा ठेवण्यासाठी उठवू नका. त्या दिवशी चहा वडिलांनी किंवा भावाने ठेवावा. घराची शोभा त्यानेही वाढते!