बार, लिंबू आणि शोरूमवाले

गावाकडे बंगला बांधणाऱ्या आयटीवाल्यांमध्ये सध्या एक नवी साथ आलीये. पुण्यात नाहीतर बंगलोरात दिवसाचे दहा-बारा तास कोड बडवायचा, खामगाव-चिखली-मलकापूरला वडिलांच्या प्लॉटवर बंगला चढवायचा आणि हॉलच्या कोपऱ्यात एक 'होम बार' टाकायचा. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर महिन्याला एक तरी थ्रीडी चित्र येऊन पडतं. चित्र सगळ्यांचं सारखंच. वर पांढरा इटालियन मार्बल, खाली गडद निळे चकचकीत शटर, मागे आरसा, आरशापुढे काचेचे शेल्फ, शेल्फखाली एलईडीची पट्टी आणि समोर तीन उंच खुर्च्या. चित्राखाली पंधरा अंगठे.

मी अंगठा देत नाही, म्हणून परवा ग्रुपवर वादावादी झाली. तिथे टाइप करून बोटं दुखली, तेव्हा म्हटलं शनिवार आहे, एकदाच नीट लिहून टाकावं.

माझा दारूला विरोध नाही. घरात बार करण्यालाही नाही. विरोध आहे तो तीन उन्हाळ्यांत भंगारात जाणारी वस्तू 'प्रीमियम, टिकाऊ' म्हणून विकण्याला. आणि हा बार आपल्या जिल्ह्यात टिकत नाही. मुंबईच्या विसाव्या मजल्यावर एसीत तो जगत असेल, मला घेणं नाही. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरा थर सोडतं आणि घर वर्षातले दहा महिने आईवडील वापरतात, बार नाही. या तीन गोष्टी शोरूममधल्या कुठल्याच माणसाने आजवर एकाही मित्राला विचारलेल्या नाहीत. फक्त 'बजेट किती सर?' एवढंच विचारतात.

काउंटरपासून सुरू करू. बारच्या काउंटरवर सगळ्यात जास्त काय सांडतं? दारू नाही. दारू महाग असते, लोक जपून ओततात. सांडतं लिंबू. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि लिंबाचा रस म्हणजे सायट्रिक आम्ल, पीएच दोनच्या जवळपास. दहावीच्या प्रयोगशाळेत आपण चुनखडीवर आम्ल टाकून बुडबुडे मोजले होते, तोच प्रयोग तुम्ही लाखभर रुपये देऊन हॉलमध्ये लावताय. फोड कापून दहा मिनिटं ठेवली की तेवढ्या जागेचं पॉलिश गेलं. तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. यावर 'सर, आम्ही सीलर मारतो' हे ठरलेलं उत्तर. अहो, सीलर दगडात रंग मुरायचा थांबवतो. आम्लाने दगड झिजायचा थांबवत नाही. हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने दगड विकू नये, आणि माहीत असेल तर... असो.

मग काही जण लगेच देशी होतात. 'मार्बल नको, आपला कडप्पा टाकू, आजीच्या ओट्यासारखा.' आजीचा ओटा नीट आठवून बघा. काळ्या कडप्प्यावर जिथे लिंबं चिरली जायची तिथे पांढुरके ठिपके असायचेच. कारण कडप्पाही चुनखडकच, शहाबादी चुनखडक, कोटाही चुनखडकच. जुनं म्हणजे टिकाऊ, हा गैरसमज शोरूमवाल्याच्या थापेइतकाच फसवा आहे.

आता त्याच आजीचा पाटा-वरवंटा आठवा. त्यावर आयुष्यभर चिंच, कैरी, लिंबू, मिरची, मीठ वाटलं गेलं. काय झालं त्याला? टाकी लावून घेतली की परत नवा. तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, ज्यावर आपला जवळजवळ सगळा जिल्हा बसलाय. लोणारचं विवर जगभरचे शास्त्रज्ञ पाहायला येतात ते याच दगडात उल्का आदळून झालंय म्हणून, आणि आपण मात्र इटलीहून चुनखडीची बहीण मागवतोय :) बेसॉल्ट सिलिकेटचा असतो, लिंबाला दाद देत नाही. जाळीदार नको, घट्ट कणांचा बघून घ्यायचा. मोठी सलग फरशी मिळणं अवघड, हे मान्य. मग ग्रॅनाइट घ्या, तोही सिलिकेटच. पण आरशासारखं पॉलिश घेऊ नका, मॅट घ्या. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर बोअरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून दिसतो आणि तो पुसायला तुमची आई असते, तुम्ही नसता.

लाकडाकडे येतो, कारण खरी लूट तिथे आहे. चित्रातले ते निळे शटर बहुतेक वेळा एमडीएफचे असतात. लाकडाचा तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड. गुळगुळीत असतो, रंग छान घेतो, कोरड्या जागी वाईट नाही. पण कडेचं सील सुटलं आणि आत पाणी शिरलं की फुगतो आणि परत बसत नाही. माझ्या एका नातेवाइकाच्या बंगल्यात बारच्या सिंकखालचं असं शटर दोन पावसाळ्यांत पुरीसारखं फुगलं. वॉरंटी कार्ड काढलं तर त्यात 'पाण्यामुळे होणारे नुकसान वगळून' असं बारीक अक्षरात. म्हणजे बारच्या सिंकखालच्या कपाटाला पाण्याची वॉरंटी नाही! छत्रीला पावसाची वॉरंटी नसावी तसं. तिथेच एक म्हातारे सुतारकाका दार बदलायला आले होते. त्यांनी फुगलेली कड नखाने खरवडली, चिमूटभर हातात घेतली आणि म्हणाले, "बाप्पा, हे लाकूड नोहे, भुसा होय भुसा."

सिंकच्या आजूबाजूला प्लाय लावायचा तर त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघायचा. त्यात फिनॉलचा गोंद असतो आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटू नयेत अशी कसोटी असते. 'वॉटरप्रूफ' हा नुसता शब्द आहे, कसोटी नाही. शिक्का नसेल तर दुकानदार कितीही तोंडभर बोलला तरी उपयोग शून्य.

आणि दर्शनी भाग सागवानाचा करा. नवीन सागवान परवडत नाही म्हणता? आपल्याकडे वाडे पडतायत. त्यांच्या तुळया आणि दाराच्या चौकटी भंगारवाले आणि लाकडाच्या वखारी विकतात. ते लाकूड कित्येक उन्हाळे-पावसाळे खाऊन बसलंय, आता त्याला काय व्हायचंय? खिळे मात्र आधी काढून घ्या, नाहीतर सुतार रंध्याचं पातं गेल्याचे पैसे तुमच्याकडूनच घेईल, आणि बरोबरच आहे.

आता पॉलिश. इथे भलेभले गंडतात. सागवानावर 'राजेशाही' म्हणून फ्रेंच पॉलिश मारून घेतात. फ्रेंच पॉलिश म्हणजे काय? लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लावतात ते. म्हणजे जे पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळतं, ते तुम्ही बारच्या काउंटरवर मारताय! आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ग्लासाच्या बुडाशी ओघळ आला की सकाळी पांढरी चंद्रकोर. देवघराला, झोपाळ्याला फ्रेंच पॉलिशसारखं काही नाही, पण बारला ते लावणं म्हणजे मिठाची होडी करून समुद्रात सोडणं.

त्याजागी दोन पर्याय. एक, दोन डब्यांचं पॉलियुरेथेन. ते एकदा जमलं की अल्कोहोलला दाद देत नाही. तोटा असा की खरचटलं तर तेवढ्याच जागी दुरुस्त होत नाही, सगळं घासून परत करावं लागतं आणि त्याला धूळ नसलेली जागा लागते. शेजारी बांधकाम चालू असेल तर विसरा. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. जवसाचं तेल. हो, तेच जवस ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडात बसतं. पातळ हात द्यायचा, पुसायचा, काही दिवस थांबायचं, परत द्यायचा. डाग पडतात, नाही असं नाही. पण डाग पडला की बारीक पॉलिश पेपर मारा, तेलाचा हात द्या, संपलं. वडिलांनासुद्धा जमेल, पुण्याहून माणूस बोलवायला नको. एकच काळजी, तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघडी पसरून वाळवा.

टिकाऊ म्हणजे कधीच खराब न होणारं, असा अर्थ शोरूमने आपल्या डोक्यात भरलाय. असं काही नसतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण रोज हेच बोलतो ना, की बग येणारच, प्रश्न तो किती लवकर आणि कोण दुरुस्त करू शकतं याचा आहे. मग घरात आल्यावर ही अक्कल कुठे जाते?

नळ आणि सिंक. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथल्या पाण्याने माणसांच्या किडन्या जातायत आणि मी नळावर लिहितोय, याची जाणीव आहे. पण नळ तर रोज त्याच पाण्याखाली असतो. 'स्टेनलेस' म्हणून बाजारात २०२ नावाचा ग्रेडही मिळतो, त्यात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. खाऱ्या पाण्यात तो लवकर तांबूस ठिपके धरतो. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, 'बघा चिकटत नाही, अस्सल माल.' ही जादू फुकट आहे. २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. बिलावर ३०४ लिहून घ्या. खारपाणात तर ३१६ च घ्यावं, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे क्लोराइडचे खड्डे पडायला वेळ लागतो. मला विचाराल तर सिंकच नको. ऐन उन्हाळ्यात गावाकडे नळ किती दिवसांनी येतो ते आईला विचारा आणि मग ठरवा, ग्लास विसळायला दुसरी मोरी हवी का. स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे.

सोनेरी मुलामा, इपॉक्सीचं टेबल, कडेने काळा पडणारा आरसा यांवर शब्द वाया घालवत नाही. पितळ हवं तर साधं, बिनमुलाम्याचं घ्या, चिंच लावून घासलं की झालं.

बाटल्या मात्र बघू. काचेच्या उघड्या शेल्फवर, मागून उजेड, खिडकीसमोर, बंद घरात, मे महिन्यात. व्हिस्की-रम एकवेळ सोसतील. वाइन मरते. बीअर उन्हाने वास मारते, बाटल्या तपकिरी उगीच नसतात. म्हणजे दिसायला छान ठेवलेली दारू प्यायला वाईट होते. हा तर निव्वळ मूर्खपणा.

म्हणूनच माझा सगळ्यात मोठा आग्रह: बारला दारं हवीत. सागवानाची, भक्कम, कुलूप असलेली. मिटलं की साधं कपाट. यावर ग्रुपवरचा एक मित्र उसळला, "तू लाजतोस. दारू पितो तर उघड पी." लाजण्याचा प्रश्न नाही रे. हा जिल्हा २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज दिलं त्या सहा जिल्ह्यांतला आहे. आपल्याकडे दारूने घर बसलेली बाई दर गल्लीत सापडते. राज्यात गावातल्या निम्म्याहून जास्त बाया आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडू शकतात, हा कायदा हौस म्हणून झालेला नाही. तुझ्या घरी धुणीभांडी करायला येणारी मावशी कदाचित तशाच घरातून येत असेल. तिने रोज सकाळी ते एलईडीचं दुकान फडक्याने पुसायचं? तुझं स्वातंत्र्य तुझ्या ग्लासात आहे की तिच्या डोळ्यांपुढे? यावर तो गप्प बसला नाही, 'तू ओव्हरथिंक करतोस' म्हणाला. चालायचंच.

उघडपणाचीच हौस असेल तर आधी परवाना काढा. १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, महाराष्ट्रात घरी बसून विदेशी मद्य प्यायलाही परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं. लाखांचा बार टांगणाऱ्या किती जणांकडे तो कागद आहे, हे ग्रुपवर विचारलं तेव्हा एकही अंगठा आला नाही.

तर एवढं करा. फॅक्टरीतून सुटे भाग मागवण्याआधी गावातल्या सुताराला बोलवा. त्याला कपाट कळतं, चौकट-चूल सांधा कळतो, आणि दार कुरकुरलं तर तो सायकलवर येतो. तरीही शोरूमचंच करायचं असेल तर त्यांच्याकडून काउंटरचा आणि शटरचा वीतभर तुकडा मागा. रात्री त्यावर लिंबाची फोड उपडी ठेवा, शेजारी झाकणभर व्हिस्की ओता, कड बोअरच्या पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवा. सकाळी तो तुकडा घेऊन दुकानात जा आणि मग रेट विचारा. तुकडा द्यायलाच जो कां-कूं करतो, त्याचा चहा घेऊन उठा.