मे महिन्यातला वाद्यवृंद

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की डोळ्यांपुढे गणपतीतला मांडव येतो. चकचकीत कोट घातलेला निवेदक, ऑक्टोपॅडवर तुटून पडलेला तरुण, हुबेहूब किशोरकुमार म्हणून गाजलेला गायक आणि मागच्या रांगेतून येणाऱ्या फर्माइशी. त्यात वाईट काही नाही. माझ्या पिढीने त्यावर कितीतरी रात्री आनंदाने जागवल्या आहेत. मात्र अनेकांनी वेगवेगळी वाद्ये हाती घ्यावीत आणि एकमेकांकडे कान देऊन ती वाजवावीत, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ या झगमगाटात मागे पडला.

इतरत्र तो अर्थ मुलांच्या हाती सोपवला गेला. इंग्लंडमध्ये १९४८ साली रूथ रेल्टन या बाईंनी राष्ट्रीय युवा वाद्यवृंद उभा केला. सुटीत मुलांनी एकत्र राहायचे, सराव करायचा आणि शेवटी लोकांसमोर वाजवायचे, अशी त्याची रीत. व्हेनेझुएलात १९७५ पासून होसे अँतोनियो आब्रेऊ यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना व्हायोलिने दिली. आणि या दोघांच्याही कितीतरी आधी, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना जमवून बँड काढला होता. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी त्या बँडसाठी नलतरंग बनवला. ज्या गुरूने रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्यासारखे एकल वादक घडवले, त्यालाच अनाथ पोरांचा वाद्यवृंदही हवा होता, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

भंडारा जिल्ह्यात असा युवा वाद्यवृंद आहे का, असे विचाराल तर कोणीही नाही म्हणेल. पितळी भांडी, तांदूळ आणि तलाव यांच्या या जिल्ह्यात व्हायोलिन कुठून येणार! पण संध्याकाळी पवनी-लाखांदूरकडच्या एखाद्या गावात थांबा. सामुदायिक प्रार्थना आटोपलेली असते आणि खंजिरी सुरू होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) ही देणगी. शास्त्रीय मैफलीत या वाद्याला फारसे कोणी बसू देत नाही, पण महाराज १९५५ साली जपानमधल्या विश्वपरिषदेत खंजिरी घेऊनच गेले होते. शिवाय हा झाडीपट्टीचा मुलूख. इथली दंडार आणि दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर रंगणारी नाटके वादकांच्या सांघिक कानावरच उभी असतात. पात्राने ऐन वेळी दोन ओळी जास्त घेतल्या, तर पेटीवाला आणि तबलजी एकमेकांकडे न पाहता ते सावरून घेतात.

गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते उन्हाळ्यात मुलांची सुसंस्कार शिबिरे घेतात. गेल्या उन्हाळ्यात माझी भाची अशाच एका शिबिरात आठ दिवस राहिली. ती नागपूरची, वय चौदा. पेटीच्या दोन परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण. तलावाच्या पाळीजवळची गावातली शाळा, वर्गातली बाके बाहेर काढून अंथरलेल्या सतरंज्या, पहाटे साडेचारला उठणे आणि प्यायला रांजणाचे पाणी, एवढे ऐकूनच तिच्या आईने माझ्याकडे रोखून पाहिले होते. मुले चाळीसच्या वर. खंजिऱ्या अकरा, पेट्या दोन, तबल्याची एक जोडी, एक ढोलक आणि टाळ.

पहिल्याच संध्याकाळी पोरीची पंचाईत झाली. बोटे स्वच्छ पडत होती, सूर बरोबर होते, पण भजन एकीकडे आणि ती दुसरीकडे. शिकवणारे वयस्क बुवा शेतकरी, दंडारीत वाजवून तयार झालेले. ते तिला म्हणाले, “पोरी, तू वाजवते बराबर, पन आयकत नाइस. पेटी ठेव, दोन दिस टाळ धर.”

दोन परीक्षा दिलेल्या मुलीला टाळ धरायला लावणे म्हणजे अपमानच. रात्री कोणाचा तरी फोन घेऊन तिने आईकडे रडगाणे गायले. तिच्या क्लासविषयी माझी तक्रार नाही. तिथे शिकवतात ते नीटच शिकवतात. परंतु तिथे ती आठवड्यातून एक तास एकटी वाजवते आणि घरी मोबाइलमधल्या तबल्याबरोबर सराव करते. तो तबला तिच्यासाठी कधी थांबत नाही, आणि त्याच्यासाठी थांबण्याची वेळ तिच्यावर येत नाही. माणसांचे तसे नसते. भजन रंगात आले की चाळीस मुले हमखास धावू लागतात. त्या वेळी खंजिरीवाल्याने हात राखायचा असतो, टाळकऱ्याने त्याचा हात ऐकायचा असतो आणि पेटीने दोघांच्या मागे राहून सूर तोलायचा असतो. त्यातून मेच्या उन्हात खंजिरीचे चामडे ताणून आवाज चढतो, मग ओल्या फडक्याने पुसून ते उतरवावे लागते. (हल्ली प्लास्टिकचा पडदा लावलेल्या खंजिऱ्या मिळतात, त्यांना ऊन बाधत नाही. बुवांना त्या आवडत नाहीत.) टाळ हाती असल्यामुळे हे सगळे तिला प्रथमच ऐकू आले. चौथ्या दिवशी पेटी परत मिळाली तेव्हा, तिच्याच शब्दांत, “मामा, मी निम्मंच वाजवत होते.” स्वर कमी केले तसे भजन भरले.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले म्हणून संगीत चार घराण्यांतून निघून आपल्या दिवाणखान्यात आले. त्यांच्या परंपरेतल्या परीक्षांनी तीन पिढ्यांना शिस्त दिली, हे कोण नाकारील? पण परीक्षेत एकाने वाजवायचे आणि एकाला गुण मिळायचे. आता तर दहावीच्या निकालात कलांसाठी वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांना परीक्षा हव्याशा वाटतात आणि आठ दिवस टाळ कुटणे हा वेळेचा अपव्यय वाटतो. नववीचा निकाल लागताच दहावीच्या शिकवण्या सुरू होतात. भाचीला शिबिरासाठी त्यातले आठ दिवस मिळवून देताना मला जेवढी वकिली करावी लागली, तेवढी मुलीच्या लग्नातही कोणाला करावी लागत नसेल.

शिकवण्यांच्या संचालकांना मी दोष देत नाही. गिऱ्हाईक आपणच आहोत. पण जिल्हा परिषदेच्या शेकडो शाळा दीड-पावणेदोन महिने कुलूपबंद असतात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिराच उघडतात. खोल्या आहेत, हातपंप आहे, गावात शिकवणारे बुवा आहेत आणि एखाद्या कपाटात उंदरांनी भाता कुरतडलेली पेटीही सापडते. भाता बदलायला लागतो तो खर्च कोणत्याही ग्रामपंचायतीला झेपण्याजोगा आहे. विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे नाव २००५ साली दिले गेले. त्यांची खंजिरी शाळेच्या वेळापत्रकात यायला किती वर्षे लागतील?

मात्र अडचण खोल्यांची आणि पेट्यांची नाही. मे महिना म्हणजे जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे घरातले सगळे रानात जातात, मुलेही जातात. दुपारभर अंगणात सत्तर-सत्तर पाने मोजून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडीवर नेऊन मोजून द्यायचे. वर्षाची वह्या-पुस्तके आणि कधीकधी बियाण्याचे पैसे त्यातून निघतात. अशा घरातला मुलगा आठ दिवस शिबिरात राहू शकत नाही, आणि दंडारीचा कान बहुधा त्याच्याच घरात असतो. शिबीर हंगामानंतर घ्यावे तर नवतपा, त्यानंतर पाऊस आणि धानाची पेरणी.

भाचीच्या शिबिरात पाचव्या रात्रीपासून शाळेच्या कुंपणाशी पाच-सहा मुले उभी राहू लागली. फडीवरून थेट आलेली, हातांना पानांचा वास. बुवांनी त्यांना आत घेतले. खंजिऱ्या पुरेनात, म्हणून एकाने पालथ्या बादलीवर ठेका धरला. भाची सांगत होती की लय त्याचीच सर्वांत पक्की होती, आणि शेवटच्या कार्यक्रमात बुवांनी त्याला बादलीसकट पुढच्या रांगेत बसवले. यंदा शिबिराचा सराव रात्री आठनंतर ठेवायचा, असे मंडळात ठरते आहे. भाचीच्या आईने तारीख विचारून ठेवली आहे.