लाख निबंध कोरोनाचे, सिकलसेलचे किती?

कोरोनाने जगाला वेठीस धरले तेव्हा आणखी एक मोजदाद सुरू झाली होती. रुग्णांची नव्हे, शोधनिबंधांची! २०२० या एकाच वर्षात या नव्या रोगावर एक लाखाहून अधिक निबंध निघाले. कोणत्या देशाचे किती, कोणत्या विद्यापीठाचे किती, याचे तक्ते झाले आणि त्या तक्त्यांवरही निबंध झाले. विज्ञानाने वर्षभरात लस दिली, ते श्रेय आम्ही नाकारत नाही. पण या मोजणीने नेमके काय मोजले, हे गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातून पाहिले पाहिजे.

मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर एक निबंध छापला. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. पुढे निबंधामागची कंपनी रुग्णांची मूळ माहिती तपासायला देईना, म्हणून ४ जूनला तो मागे घ्यावा लागला. त्याच ‘लॅन्सेट’मध्ये जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा निबंध आला होता. गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या, तर ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाला. त्याआधी तशी तपासणी झाली होती अवघ्या ८ टक्क्यांची. खेड्यातली बाई जे मुकाट्याने सोसत होती, ते जगाला आकड्यात दिसले. निबंध मोजणाऱ्याच्या वहीत मात्र हाही एक आणि तोही एकच!

आणि सिकलसेल? या आजाराची वैद्यकीय नोंद १९१० साली शिकागोत झाली, भारतात १९५२ साली निलगिरीत. विदर्भात तो गोंड-माडियांत आहे, तसाच आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. अमेरिकेत तो मुख्यतः कृष्णवर्णीयांचा. तिथे मुख्यतः गोऱ्यांना होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण कितीतरी कमी, तरी दर रुग्णामागे संशोधनाचा पैसा त्यालाच जास्त. रोग कोणाला होतो यावर निबंधांची संख्या ठरते, असे आम्ही म्हटले तर त्यात काय चुकले? आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तिचा रोख आदिवासी भागांवर आहे, आणि तो हवाच. मग बौद्ध वस्तीतल्या लेकराचे रक्त कोणी तपासायचे?

मोजणी निरागस नसते, हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. १९३२ साली लोथियन समितीच्या कामात अस्पृश्यांची संख्याच कमी दाखवण्याची धडपड झाली. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपण देऊन तिला उत्तर दिले.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथल्या आमच्या मुलामुलींनी आता ही मोजणी हाती घ्यावी. या दोन जिल्ह्यांतल्या सिकलसेलवर कोणी लिहिले, कोणाचे रक्त घेऊन लिहिले, आणि त्यातले किती त्या वस्तीत परत जाऊन मराठीत, गोंडीत, माडियात सांगितले?