झोपेची उचल

दिवाळी आली की आमच्या गेवराईत दोन तऱ्हेची गडबड उडते. बाजारात फराळाच्या सामानाची, आणि रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांची. भांडी, अंथरुणे, कोंबड्या नि लेकरे ट्रकवर चढतात. मुकादमाकडून घेतलेली उचल कधीच खर्ची पडलेली असते.

मार्चमध्ये हंगाम आटोपून परतलेला एक विद्यार्थी माझ्या तासाला चक्क घोरू लागला. वर्ग हसला. मीही मास्तरी थाटात विचारले, "काय रे, रात्री तमाशाला गेला होतास वाटते?"

"नाही, सर. रात्री झोपच लागत नाही. डोळा लागला की गाडी आली असे वाटते."

मी खजील झालो. फडात पहाटेच कोयता चालू होतो. आई तर भाकरीसाठी त्याहीआधी उठते. दिवसभर तोडणी, आणि कारखान्याची गाडी मध्यरात्री जरी आली तरी डोक्यावर मोळ्या घेऊन ती भरायची. कारखान्यातल्या कामगाराला निदान पाळी ठरलेली असते. यांना तीही नाही!

आता शास्त्र काय म्हणते पाहा. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. उजेड-अंधार पाहून देहाचे घड्याळ लावण्याचे काम त्याचे. पेशींतले हे घड्याळ कसे चालते ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले. घड्याळ रात्र म्हणते, मुकादम म्हणतो ऊठ. ओढाताण होते ती मेंदूची. फ्रान्समधील सुमारे ३,००० माणसांची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांहून अधिक काळ पाळ्या बदलत राबलेल्यांची स्मृती व आकलन जणू साडेसहा वर्षांनी म्हातारे झालेले आढळले. ते काम सुटल्यावर मेंदू सावरायला निदान पाच वर्षे लागतात, असेही त्यात दिसले. ऊसतोड्यांची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण ती बरी असेल असे मला तरी वाटत नाही. मुकादमाची उचल हंगामात थोडीफार फिटते. झोपेच्या उचलीचा हिशेब कोण ठेवतो?

परवा तोच मुलगा घरी आला. "सर, पुस्तक द्या. गाडीची वाट बघताना वाचीन."

पुस्तक दिले, आणि जन्मात प्रथमच विद्यार्थ्याला म्हणालो, "वाचत बसू नकोस, बाबा. तेवढा वेळ झोप."

तो हसला. "आणि गाडी आली तर, सर?"