दाढी लावलेली वीरा आणि आपला आमदार चषक

'दिल बोले हडिप्पा' टीव्हीवर अजून लागतो. आणि मुलींनी वर्ल्डकप आणल्यापासून काही जणांना तो एकदम 'काळाच्या पुढचा सिनेमा' वाटायला लागलाय. मंडळी, जरा दमानं. तो काळाच्या पुढे वगैरे काही नव्हता. आला त्या दिवशीच मागे पडलेला होता.

गोष्ट आठवतेय ना? पंजाबातली वीरा, म्हणजे राणी मुखर्जी. नौटंकीत काम करते आणि सिक्सर ठोकते. मुलगी म्हणून संघात घेत नाहीत, मग दाढी-पगडी लावून 'वीर' होते. कॅप्टन शाहिद कपूर, समोर पाकिस्तानचा संघ. सिनेमा लागला सप्टेंबर २००९ मध्ये.

आता दुसरी तारीख बघा. ७ मार्च २००९. ऑस्ट्रेलियात बोराल नावाच्या गावी महिला वर्ल्डकपचा सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. आपण १० विकेटनं जिंकलो. त्या दिवशी पंजाबातल्या मोगा गावची एक पोरगी भारताकडून पहिल्यांदा खेळली. दुसऱ्या दिवशी तिला वीस पूर्ण होणार होती. नाव हरमनप्रीत कौर. म्हणजे पंजाबची मुलगी पाकिस्तानविरुद्ध खेळून मोकळी झाली होती, तीही बिनदाढीची, आणि सहा महिन्यांनी बॉलिवूड आपल्याला सांगत होतं की मुलीला क्रिकेट खेळायचं तर मिशी चिकटवावी लागते!

बरं, माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली आपल्या पुण्यात झाल्या. २००६ पासून महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आहे. २००७ ला झूलन गोस्वामी आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. आणि त्याच २००७ मध्ये याच यशराजनं 'चक दे इंडिया' काढला होता. त्यात सगळ्याच पोरी, पण एकीलाही दाढी लावावी लागली नाही. ज्यांना हॉकीतल्या मुली दिसल्या, त्यांना क्रिकेटमधल्या दिसू नयेत?

विनोदी सिनेमा आहे, एवढं काय मनावर घेता, असं कुणीतरी म्हणणारच. अहो, विनोदी आहे म्हणूनच घेतो. हसायचं कशावर, हे तर बघाल? कपडे बदलायची धावपळ, आवाज घोगरा करणं, आता पकडली जाते का मग. सगळा विनोद दाढीवर. तिला गेटवर अडवणाऱ्या बावळटपणावर मात्र एकही धड जोक नाही. खरं तर हसण्यासारखं तेच होतं. राणीनं मेहनत घेतलीय, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मेहनत वाया गेली.

एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. वेषांतर ही शुद्ध थाप नाही. रोहतकच्या शफाली वर्माला मुलगी म्हणून अकादमीत घेईनात, तेव्हा बापानं तिचे केस बारीक कापले. आजारी भावाच्या जागी ती मुलांच्या स्पर्धेत खेळून आली. तीच शफाली २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत, वर्ल्डकप फायनलला ८७ धावा आणि दोन विकेट घेऊन सामनावीर ठरली. कॅप्टन कोण? मोग्याचीच हरमनप्रीत.

पण फरक बघा. शफाली मोठी झाली ती मुलींच्या संघात. तिच्यामागे निवड समिती होती, वयोगटाच्या स्पर्धा होत्या, शंभर दुसऱ्या मुली होत्या. वीराची दाढी उतरल्यावर काय होतं? टाळ्या पडतात, पुरुषांचा संघ तिला आपली म्हणतो, संपला पिक्चर. दुसरी एक मुलगी बॅट घेऊन येत नाही. एकटी चमत्कारी पोरगी, बाकीच्यांनी घरी बसा. मला राग आहे तो याचा.

आणि हे फक्त पडद्यावर आहे का? आपल्या तालुक्यात आमदार चषक दरवर्षी होतो. लाखाची बक्षिसं, फ्लडलाइट, डीजे, नारळ फोडायला झाडून सगळे पुढारी. मुलींचा संघ? एक वर्षी 'महिला प्रदर्शनीय सामना' ठेवला होता, तोही सहा ओव्हरचा, फायनलच्या आधी, पाहुणे यायला उशीर होतोय म्हणून. ग्राउंडवर मुलींना कपडे बदलायला खोली नाही. एकच संडास, त्याची कडी तुटलेली. वर्ल्डकप जिंकला त्या रात्री मात्र चौकात फ्लेक्स लागला. त्यावर नेत्यांचे अकरा फोटो मोजले मी. खेळाडूंचे तीन. त्यातही सांगलीच्या आपल्या स्मृती मानधनाचं आडनाव चुकवलेलं.

शेजारच्या वस्तीवरच्या दोन पोरी संध्याकाळी मुलांच्यात खेळतात. एक लेगस्पिन टाकते, चांगली टाकते. दहावीनंतर खेळायचं कुठे, हे तिच्या आईनं मला विचारलं, तेव्हा जिल्ह्याच्या गावाला जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर पडतात, याशिवाय मला काही सांगता आलं नाही.

आयोजकांनो, यंदाच्या चषकाची पत्रकं अजून छापायची आहेत, असं ऐकतो. मुलींचे चार संघ मी आणि माझे मित्र उभे करतो, किटचं आम्ही बघू. तुम्ही पूर्ण वीस ओव्हर द्या, कपडे बदलायला एक खोली द्या, आणि संडासाची कडी बसवा. प्रवेश फी कुणाकडे भरायची, तेवढं कळवा.