अर्जदाराला आधी बसवा

2017 साली राज्य शासनाने शेतकऱ्यांना कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज संकेतस्थळावरूनच भरण्याची सक्ती केली. सेवाकेंद्रांपुढे रांगा लागल्या, संकेतस्थळ वारंवार बंद पडले, बोटांचे ठसे जुळेनात, याद्यांत चुका निघाल्या. नांगर धरून झिजलेल्या बोटांचा ठसा उमटतो काय, हे आधी एखाद्या खेड्यात जाऊन पाहावयास काय हरकत होती?

वरठीच्या शेतकऱ्यालाही आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. वरठीत पोलादाचा कारखानाही आहे. तेथील कामगारांनी नॉर्वेतील आपल्या व्यवसायबंधूंचे उदाहरण अभ्यासावे. 1970 च्या दशकारंभी तेथील लोखंड व धातू कामगार संघटनेने क्रिस्टेन नीगार्ड या संगणकतज्ज्ञाला सोबत घेऊन कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकप्रणाली स्वतः तपासल्या. त्या लढ्यातून 1975 साली मालक-संघटनेशी राष्ट्रीय करार झाला आणि नव्या प्रणालीबाबत कामगारांचा शब्द मान्य झाला. हे औदार्याने मिळाले नाही, हे सांगावयास नकोच.

आपली मागणीही तशीच रोखठोक असावी. शासकीय पोर्टल खुले होण्यापूर्वी पाचसहा धान उत्पादकांना, शेतमजूर स्त्रियांना अभियंत्यांसमोर बसवून अर्ज भरू द्यावा. अभियंत्यांनी मधे बोलू नये. हात कोठे अडतो ते टिपून अर्ज बदलावा. ही चाचणी वरठीच्या ग्रामपंचायतीत घ्यावी, आणि आलेल्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी.